सहा मुलांना वाचता येत नाही आणि अहवालात शंभर टक्के हवेत

वाचक शिक्षिकेचं पत्र, थोडक्यात: "आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३८. मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे. दुसरी-तिसरीच्या १९ मुलांपैकी सहा जणांना अजून साधे शब्द वाचता येत नाहीत. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत सांगितलं गेलं की महिनाअखेर 'निपुण'ची, म्हणजे वाचन-गणित येणाऱ्या मुलांची, टक्केवारी शंभर दिसली पाहिजे. खरं लिहिलं तर खुलासा मागतात, खोटं लिहायला हात धजत नाही. त्यात सोबतचे सर बीएलओ, म्हणजे मतदारयादीच्या कामावर, आणि मी दिवसभर ऑनलाइन माहितीच्या लिंक भरते आणि फोटो टाकते. चारही वर्ग एकटीनं सांभाळायचे दिवस महिन्यातून पाच-सहा येतात. वय ४४ आणि आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही द्यायची आहे. सुरुवात कुठून करू?"

नमस्कार मॅडम,

त्या सहा मुलांचा वाचनाचा खरा स्तर लिहा, तारखेसह. सुरुवात तिथूनच करा. वेळेचं, लिंकचं, परीक्षेचं बघता येईल. पण एकदा का "शंभर टक्के" लिहिलंत की ही सहा मुलं कागदावरून पुसली जातात आणि त्यांच्यासाठी काही मागण्याचा तुमचा हक्कही तिथेच संपतो.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. इयत्तावार लक्ष्यं वर्षअखेरची आहेत. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्यं आणि ९९ पर्यंतच्या संख्या. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या. म्हणजे दुसरीतलं मूल वर्षाच्या मध्यावर ३० शब्दांवर असेल तर ते वाटेत आहे, त्याला "अप्रगत" म्हणायचं कारण नाही. महिनाअखेरची शंभर टक्क्यांची मुदत अभियानात कुठेच नाही. ती खाली येता येता तयार झालेली आहे. वरून आकडा विचारला जातो, प्रत्येक पायरीवर तो थोडा घट्ट होतो आणि तुमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा हुकूम झालेला असतो.

या सगळ्या सुधारणेतली खरी अडचण माझ्या मते इथेच आहे. एकाच आकड्याकडून दोन कामं मागितली जातात. कोणत्या मुलाला कशाची गरज आहे ते त्यानंच सांगायचं आणि शाळा किती चांगली हेही त्यानंच ठरवायचं. ज्या आकड्यावर आपला निकाल लागणार, तो खरा सांगायला माणूस कचरणारच. म्हणून तुम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या करून द्या. अहवालात एका टक्केवारीऐवजी स्तरबदल दाखवा. वर्षाच्या सुरुवातीला कोण कुठे होतं, आज कुठे आहे, उरलेल्यांसाठी रोज काय चाललंय. "१९ पैकी १३ वाक्य व त्यापुढे, ४ अक्षर स्तरावर, २ प्रारंभिक स्तरावर, या सहा जणांसाठी रोज ४० मिनिटांचा गट, पुढील तपासणी अमुक तारखेस" एवढी एक ओळ पुरते. खुलासा मागितला तर हीच ओळ आणि तपासणीची वही पुढे ठेवा. फुगवलेल्या आकड्याचा खुलासा करणं जास्त अवघड असतं, कारण बाहेरून तपासणी होते. नियतकालिक चाचण्या आहेत, शिवाय परख राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांत झालं. अशा वेळी कागद आणि मूल यांची गाठ पडते.

आता तपासणी कशी करायची ते. वर्गाला एकत्र वाचायला लावून स्तर कळत नाही, मागची मुलं पुढच्यांच्या आवाजावर तरून जातात. एकेका मुलाला जवळ बसवा, तीन मिनिटं पुरतात. १९ मुलांना तासभर लागतो, तो चार दिवसांत वाटून घ्या. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. पुस्तकातले पहिले धडे मुलांना तोंडपाठ असतात, डोळे चित्रावर आणि तोंड धड्यावर असं बिनचूक "वाचन" चालतं. शंका आली तर ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा. पाठ असलेलं मूल ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येतं.

६० ते ७० शब्दांचा अनोळखी उतारा घ्या. एक मिनिट मोजा, चुकलेले शब्द वजा करा. ५२ शब्द वाचले, सहा चुकले, तर ४६. मग उताऱ्यावर तीन प्रश्न विचारा, कारण खडाखडा वाचून काहीच न समजलेली मुलंही असतात. मराठीत एक गोष्ट सांभाळायला हवी. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. "घर" हा एक शब्द आणि "घरासमोरच्या" हाही एकच शब्द. जोडाक्षरं आणि लांब शब्द भरलेल्या उताऱ्यावर ४५ चा वेग मागणं म्हणजे वेगळीच परीक्षा घेणं. त्यामुळे वर्षभर तपासणीचे उतारे सारख्याच अवघडपणाचे ठेवा, नाहीतर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलनाच होणार नाही.

नोंद करताना स्तरासोबत चूक लिहा. "बाजारात" हा शब्द मूल "बाजार" वाचून पुढे जातं, म्हणजे शेवट वाचायची सवय नाही. "मीठ" ला "मठ" म्हणतं, म्हणजे वेलांटी डोळ्यांना दिसते पण आवाजात येत नाही. गणितातही तसंच. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिणारं मूल वरचा-खालचा न बघता मोठ्यातून लहान अंक वजा करतंय. त्याला उसना घेण्याची रीत पुन्हा पुन्हा सांगून फरक पडत नाही, दहाचा गठ्ठा सोडून सुटे करायला लावले की पडतो. "त्रेपन्न" सांगितल्यावर ३५ लिहिणाऱ्या मुलाला तर गणित येत असतं. आपल्या भाषेत एकक आधी ऐकू येतो म्हणून ते तीन आधी लिहितं. त्याला काही दिवस "पन्नास आणि तीन, त्रेपन्न" असं जोडीनं म्हणायला लावा. अशा चार शब्दांच्या नोंदीवरून दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते ठरतं. "स्तर २" या नोंदीवरून काहीच ठरत नाही.

सहा जणांच्या गटाला रोज ४० मिनिटं द्या, शक्यतो परिपाठानंतर लगेच, मुलं ताजी असताना. बाकीची मुलं तेव्हा सरांकडे किंवा जोडीनं वाचन-लेखनात. बाराखडी क्रमानं पूर्ण करण्याच्या मागे लागू नका, ज्ञ पर्यंत पोहोचता पोहोचता वर्ष संपतं. क, म, ल, र, न, ब अशी सारखी भेटणारी पाच-सहा अक्षरं आणि काना घ्या. पहिल्या आठवड्यातच त्यांतून "काम", "मामा", "नाक", "बाल", "कमान" असे शब्द तयार होतात. मुलाला वाचल्याचा अनुभव त्या दिवशीच मिळतो आणि तोच त्याला दुसऱ्या दिवशी गटात आणतो. त्यानंतर एकेक स्वरचिन्ह वाढवा, आधी वेलांटी, मग उकार, मात्रा. ४० मिनिटांत पाच मिनिटं आवाजांचे खेळ, दहा मिनिटं अक्षरकार्डांवरून शब्द, दहा मिनिटं त्याच अक्षरांतली वाक्यं, दहा मिनिटं ऐकून लिहिणं आणि शेवटची पाच मिनिटं तुम्ही गोष्ट वाचून दाखवायची. ही शेवटची पाच मिनिटं काटू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याच वाट्याला गोष्ट सर्वांत कमी येते.

हा गट बिघडतो तो दोन कारणांनी. एक, तो कायमचा होतो आणि मुलं एकमेकांना त्या नावानं ओळखू लागतात. म्हणून गटाला स्तराचं नाव देऊ नका आणि दर शनिवारी दोन-दोन मिनिटं तपासून जो पुढे गेला त्याला त्याच आठवड्यात मोठ्या गटात बसवा. दोन, गटाची वेळ खेळाच्या तासातून काढली जाते आणि मग वाचन ही शिक्षा वाटू लागते. सहा-आठ आठवडे रोज गट चालूनही एखाद्या मुलाचं काहीच हललं नाही, तर मेहनत वाढवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव वेगळं काढून सांगा. गरज दिसली तर समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा. फळ्यावरून उतरवून घेताना शेजारच्याच्या वहीत बघणारं मूल पुष्कळदा कॉपी करत नसतं, त्याला फळाच दिसत नसतो.

हे सगळं करायला वेळ लागतो आणि तुमचा वेळ कुठे जातो त्याचा हिशेब आज कोणाकडेच नाही. तो तुम्ही ठेवा. वहीत पाच रकाने पाडा: तारीख, काम, कोणाच्या सूचनेनं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणते वर्ग शिक्षकाविना राहिले. शेरे नकोत, नुसत्या नोंदी. शाळेच्या वेळेत रोज ४० मिनिटं लिंक आणि फोटोंत गेली तर २२ दिवसांत १४ तास ४० मिनिटं होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास आहेत, म्हणजे दिवसाला चार. त्या मापानं महिन्यातले साडेतीन दिवसांहून जास्त अध्यापन एकट्या फोनवर गेलं. "कामाचा ताण आहे" हे वाक्य वरिष्ठ रोज ऐकतात. हा हिशेब त्यांनी बहुधा पाहिलेला नसतो.

त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. राज्यानंही ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला आहे. त्याची छापील प्रत शाळेत असू द्या. सरांचं बीएलओचं काम मात्र निवडणुकीच्या खाली येतं. ते सरळ नाकारायला सांगू नका, मतदारयादीच्या कामात कसूर केल्यास लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३२ खाली शिक्षा आहे. काम करायचं, पण वेळ मागून घ्यायची. सर्वोच्च न्यायालयानं ६ डिसेंबर २००७ च्या निकालात म्हटलं आहे की शिक्षकांना ही कामं सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशी द्यावीत, सर्वसाधारणपणे शिकवण्याच्या वेळेत देऊ नयेत. त्याचा आधार घेऊन मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना सरांचा अर्ज आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना तुमचं पत्र, असे दोन कागद जाऊ द्या. मजकूर साधा ठेवा:

"सविनय सादर करण्यात येते की, गत महिन्यात शाळेचे कामाचे दिवस २२ होते. त्यापैकी ६ दिवस सहशिक्षक मतदारयादीच्या कामी शाळेबाहेर होते व इयत्ता १ ली ते ४ थीचे ३८ विद्यार्थी एका शिक्षकाकडे होते. तरी सदर काम शाळेच्या वेळेनंतर अथवा सुट्टीच्या दिवशी करण्याची मुभा मिळावी, अथवा त्या दिवसांसाठी केंद्रातून पर्यायी शिक्षक मिळावा, ही विनंती. सोबत दिनांकनिहाय तपशील जोडला आहे."

जावक क्रमांक टाका, पोच घ्या. एका पत्रानं फरक पडला नाही तर पुढच्या महिन्यात आकडे बदलून तेच पत्र पुन्हा. शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक बैठकीतही ही वही टेबलावर ठेवा. समितीत किमान ७५ टक्के पालक असतात. आपल्या मुलांना सहा दिवस पूर्ण शिक्षक मिळाला नाही हे त्यांना कळलं पाहिजे आणि त्यांचा ठराव वर गेला की त्याचं वजन शिक्षकाच्या तक्रारीपेक्षा वेगळं असतं. फक्त ठराव त्यांना सुचू द्या. तुम्ही लिहून आणून सह्या घेतल्यात तर तो तुमचाच कागद ठरतो.

लिंक आणि फोटोंसाठी दिवसातल्या दोन वेळा ठरवा, परिपाठाआधी आणि शाळा सुटल्यावर. केंद्रप्रमुखांना आधी प्रत्यक्ष सांगा: "सर, शाळेच्या वेळेत फोन कपाटात असतो. माहिती रोज शाळा सुटल्यावर अर्ध्या तासात भरते. तातडीचं असेल तर कॉल करा, मी उचलीन." बहुतेक केंद्रप्रमुख स्वतः वरच्या "आज चारपर्यंत"च्या ओझ्याखाली असतात. माहिती ठरलेल्या वेळी हमखास येते असा अनुभव आला की त्यांचाही जीव भांड्यात पडतो. एखादी माहिती खरोखरच दुपारी लागली तर द्या, त्यावरून ताणू नका, वहीत मात्र नोंदवा.

माहिती पुन्हा पुन्हा भरावी लागण्यातला निम्मा त्रास नावांच्या तफावतीचा असतो. युडायस या शाळांच्या ऑनलाइन नोंदणीत एक, आधारवर दुसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिसरं. एक दिवस सुट्टीचा घालवून एकच तक्ता करा: रजिस्टरप्रमाणे नाव, आधारप्रमाणे नाव, दोन्हीकडची जन्मतारीख, आईचं नाव, विद्यार्थ्याचे ओळख क्रमांक (११ अंकी पेन आणि १२ अंकी अपार), आधार वैध की नाही. तफावत असलेल्या ओळी रंगवा. पुढची प्रत्येक लिंक या तक्त्यावरून भरायची. पहिलीच्या मुलांचं आधार अडकतं त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पाच वर्षांनंतर करायचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण राहिलेलं असतं. ते पालकांनाच केंद्रावर जाऊन करावं लागतं, तुमच्या फोनवर होत नाही, म्हणून त्या पालकांची यादी समितीच्या बैठकीत द्या. आणि आधारकार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका, कोणी मागितले तरी.

टीईटीचं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला हे लागतं, मनाला लागतं, आणि त्यात गैर काही नाही. पण पेपर तुमच्या आवाक्यातला आहे. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. उत्तीर्ण व्हायला ९० गुण, आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

जाडजूड गाईड पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, तिथेच बरेच जण दमतात. आधी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि पाच भागांचे गुण वेगळे मांडा. मराठीत २२, गणितात २०, परिसर अभ्यासात १९, बालमानसशास्त्रात १७ आणि इंग्रजीत १२ आले तर बेरीज बरोबर ९० होते, म्हणजे काठावर. मग रोजची ४५ मिनिटं इंग्रजी आणि बालमानसशास्त्र यांनाच द्या, तिथे पाच-पाच गुण वाढले की शंभर होतात. मराठी-गणित तुम्ही दिवसभर जगता, त्यांना रविवारची एक प्रश्नपत्रिका पुरे. बालमानसशास्त्रात नुसती नावं आणि सिद्धांत पाठ केल्यानं गुण येत नाहीत, बरेच प्रश्न वर्गातल्या प्रसंगांवर असतात. सरांनाही द्यायची असेल तर दोघांनी एकाच दिवशी तीच प्रश्नपत्रिका सोडवा आणि चुका एकमेकांना समजावा. प्रशिक्षण आणि रजा यांच्या तारखाही त्याच वेळी मिळून ठरवता येतील, म्हणजे दोघंही एकाच आठवड्यात शाळेबाहेर राहणार नाहीत.

सोमवारी पहिल्या पाच मुलांची तपासणी सुरू करा. त्यांत त्या सहापैकी फक्त एकालाच घ्या आणि तेही तिसऱ्या क्रमांकाला. आधीची दोन मुलं बाईंजवळ बसून, वाचून, हसत परत आलेली त्यानं पाहिलेली असू दे. तो अडला तर शब्द तुम्ही सांगून टाका, आणि उताऱ्यातलं जे एखादं अक्षर त्याला येतंय ते त्याच्या नावासमोर आधी लिहा.